थांब, भिंत धरते

उषाताईंना विनोद सांगायचा म्हणजे आधी त्यांना भिंत द्यावी लागायची. "थांब, थांब मंजू. भिंत धरते. हं, आता सांग." डावा तळहात भिंतीवर टेकवायचा, गुडघे ताठ करायचे आणि मग डेंटिस्टकडे बघावं तसं आपल्याकडे बघायचं. भिंत नसली तर खुर्चीची पाठ चालायची, फ्रिजचं हँडल चालायचं, पार्किंगमध्ये असलो तर दुसऱ्याच कुणाची तरी गाडीही चालायची. आम्हाला वाटायचं, आहे बाईची लकब. कुणी हसताना टाळी देतं, कुणी पाठीत धपाटा घालतं, ही भिंत धरते.

दुसरी लकब म्हणजे त्या कधी बसत नसत. हळदीकुंकू असो, सत्यनारायण असो, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं आमचं पॉटलक असो, उषाताई हातात ताटली घेऊन उभ्या. "अहो, बसा ना दोन मिनिटं," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "नको गं. बसले की गेले." नोकरीसुद्धा त्यांनी तशीच शोधलेली, टेक्ससमधल्या आमच्या शुगर लँड गावाच्या लायब्ररीत पुस्तकं पुन्हा शेल्फवर लावायची. दिवसभर उभं राहून. नवरा तेल कंपनीत इंजिनिअर होता, तो जाऊन पाच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. बाईंना घर खायला उठत असेल, म्हणून बसवत नसेल, असं निदान मी स्वतःच करून टाकलं होतं. निदान करायला मला डॉक्टर असावं लागत नाही.

मी म्हणजे मंजिरी, महाराष्ट्र मंडळाची चिटणीस आणि मंडळाचे शेलापागोटे लिहिणारी. ज्यांनी कॉलेजचं गॅदरिंग पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. शेलापागोटे, म्हणजेच फिशपॉन्ड. वर्षातून एकदा सगळ्यांदेखत एकेकाला स्टेजवर बोलवायचं, त्याच्या खोडीवर चार ओळी वाचायच्या आणि हातात एक गमतीची वस्तू द्यायची. ज्याला मिळालं त्याने हसून घ्यायचं, चिडलात तर तुमचंच हसं. हे आम्ही सांगली-पुण्याहून सुटकेसमध्ये भरून आणल्यासारखं टेक्ससमध्ये आणलं. लोक माझ्या ओळींची वर्षभर वाट बघायचे. घरात मात्र कौतुक शून्य. माझी मुलगी सई तर चौदा-पंधरा वर्षांची झाल्यापासून मी तोंड उघडलं की "मॉम, प्लीज. नॉट फनी," म्हणून खोलीतून निघूनच जायची. अमेरिकन टीनएजर, दुसरं काय!

उषाताई गाडी चालवत नसत. शुगर लँडमध्ये गाडी नाही म्हणजे पायच नाहीत, कोथिंबीर आणायला जायचं तरी हायवे लागतो. त्यामुळे रविवारच्या मराठी शाळेत त्यांना नेणं-आणणं माझ्याकडे. त्या पहिलीच्या मुलांना शिकवायच्या, मी चौथीच्या. आता मी इतकी बोलकी बाई, मला वाटायचं वाटेत जरा गप्पा होतील. कसल्या गप्पा! पट्टा लावला, पहिला सिग्नल आला की बाईंची मान खाली. एकदा मी माझ्या सासूबाईंची अख्खी कहाणी रंगात येऊन सांगितली आणि वळून बघते तर या घोरतायत. जागं केल्यावर ओशाळून म्हणाल्या, "काय करू गं, अमेरिकेत सगळे फोन करून येतात. माझी झोप तेवढी अजून सांगलीची. न कळवता येते, थेट आतच शिरते."

मी हसले. आणि मनातल्या मनात शेलापागोट्याचा विषय पक्का केला.

त्या वर्षीच्या गणपतीत मी वाचलं, "आमचे अध्यक्ष देशमुखकाका यांच्या भाषणात उषाताई झोपतात, अशी तक्रार मंडळाकडे आली. आम्ही चौकशी केली. तक्रार शेजारच्या रांगेची होती. म्हणे, यांच्या घोरण्याने आमची झोपमोड होते! सबब, उषाताईंना मंडळातर्फे गजराचं घड्याळ." हॉल कोसळला हसून. उषाताई स्टेजच्या मधोमध उभ्या होत्या, हातात ते घड्याळ. त्यांनाही हसू फुटलं. मी बघितलं, त्यांचा डावा हात हवेत काहीतरी शोधत होता. स्टेजच्या मध्ये कुठली भिंत असणार? त्यांचा जबडा लोंबला, मान दोन-तीनदा खाली गेली आणि गुडघ्यांतून घडी पडावी तशा त्या खाली गेल्या. घड्याळ दूर जाऊन वाजायला लागलं.

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. लोकांना वाटलं, बाईंनी झोपल्याची ॲक्टिंग केली. शिट्ट्या वाजल्या! एकटे देशमुखकाका हसले नाहीत. ते भाषणाचा पोडियम दोन्ही हातांनी धरून पांढरेफटक उभे होते. मला वाटलं, भाषणावरचा विनोद झोंबला म्हाताऱ्याला. मी वाकून उषाताईंच्या कानाशी म्हटलं, "पुरे आता, किती नाटकं कराल?" मिनिटभराने त्या उठल्या, साडी झटकली, सगळ्यांना नमस्कार केला. कुणीतरी व्हिडिओ काढला होता. तो मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी टाकला? मीच टाकला. खाली हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग लावून.

दुसऱ्या दिवशी मला एक मेसेज आला. गार्गी नावाची पुण्याची मुलगी, ह्यूस्टनला मेंदूवर पीएच.डी. करत होती, ग्रुपमध्ये होती एवढंच. तिने लिहिलं होतं, "काकू, हे नाटक नाहीये. त्यांना प्लीज स्लीप स्पेशालिस्टकडे न्या. आणि तो व्हिडिओ डॉक्टरांना दाखवा." मी तो मेसेज दोनदा वाचला. तरीही माझ्यातली शहाणी म्हणत होती, काहीतरीच! हल्लीची पोरं गूगल करून घाबरवतात.

पण मी नेलं त्यांना. रात्रभर डोक्याला वायरी लावून झोपवलं, दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी पुन्हा झोपायला सांगितलं आणि किती पटकन झोप लागते, स्वप्नं किती लवकर सुरू होतात ते मोजलं. निदान झालं, नार्कोलेप्सी. माणसाला जागं ठेवणारं द्रव्य बनवणाऱ्या मेंदूतल्या मूठभर पेशी मरून गेलेल्या असतात. म्हणून झोप वाट्टेल तेव्हा धाड घालते. आणि जोरात हसू आलं, की अंगातली ताकद काही क्षण निघून जाते. त्याला कॅटाप्लेक्सी म्हणतात. डॉक्टरांनी तो व्हिडिओ तीनदा बघितला. परत येताना उषाताई गाडीत चक्क जाग्या होत्या. म्हणाल्या, "मंजू, एक सांगू? तशी पडले ना, की मी झोपलेली नसते. हलता येत नाही, बोलता येत नाही, पण ऐकू सगळं येतं. टाळ्या ऐकल्या मी. तू काय म्हणालीस तेही ऐकलं."

"किती नाटकं कराल." हे वाक्य मी त्यांच्या कानात बोलले होते आणि त्या दगडासारख्या पडून ते ऐकत होत्या. मी गाडी एका दुकानाच्या पार्किंगमध्ये घातली आणि रडायला लागले. उषाताई म्हणाल्या, "रडू नकोस गं. तू पहिली नाहीस." दहावीच्या परीक्षेत पेपर लिहिता लिहिता त्या झोपल्या होत्या. वडील रोज अभ्यासाला बसवून तोंडावर पाण्याचे हबके मारायचे. उषाताईंना इंजिनिअर व्हायचं होतं, सगळे म्हणाले आळशी आहे, लग्न लावून द्या. म्हणजे चाळीस वर्षं. चाळीस वर्षं या बाईने स्वतःला आळशी मानलं होतं! "गाडी शिकले होते हं मी," त्या म्हणाल्या. "एकदा सिग्नलला डोळा लागला. मागच्याने हॉर्न मारला म्हणून वाचले. त्या दिवशी किल्ली नवऱ्याच्या हातात दिली आणि सांगितलं, मला भीती वाटते. आळशीपेक्षा भित्री बरी."

मी असते तर घरात कोंडून घेतलं असतं. उषाताईंनी पुढच्या गणपतीत वड्यांच्या काउंटरशेजारी टेबल मांडलं. वर स्वतःच्या अक्षरात पाटी, "येथे झोपाळू माणसांची आपुलकीने चौकशी केली जाईल." टेबलामागे खुर्ची नव्हतीच, त्या उभ्या. वडा खात खात लोक यायचे आणि इकडेतिकडे बघून हळूच विचारायचे, "म्हणजे नक्की काय होतं हो? नाही, आमच्या ओळखीत एक आहे... कुणाला बोलू नका हं, लग्नाचं बघतोय." उषाताई म्हणायच्या, "सांगणार नाही. पण त्याला हे सांगा, की तू आळशी नाहीस. एवढं एक वाक्य मला सोळाव्या वर्षी कुणी म्हणायला हवं होतं." या आजारावरच्या संशोधनासाठी माणसं हवी असली की या पहिल्या हजर. रक्त द्यायचं, औषध बंद ठेवून वायरी लावून झोपायचं. "आयुष्यभर झोपा काढल्या, आता त्यांचा कुणाला उपयोग होतोय तर होऊ दे." एकदा मला म्हणाल्या, "आपल्यातच एकजण आहे बरं, थेट माझ्यासारखा. नाव विचारू नको." मी खोदून खोदून विचारलं. दाद दिली नाही.

मग तो जूनमधला रविवार. सई सोळा वर्षांची झाली होती आणि शनिवारी तिची ड्रायव्हिंग टेस्ट होती. मराठी शाळा सुटल्यावर पार्किंगमध्ये उषाताईंनी मला बाजूला घेतलं. "मंजू, सईला शनिवारी नेऊ नको."

"कुठे?"

"टेस्टला. आज ती मुलांना मदत करत होती ना, तेव्हा एका पोराने काहीतरी गंमत केली. सईला हसू आलं आणि तिची मान अशी दोनदा खाली गेली. जीभ जड झाली. तिने पटकन टेबल धरलं. मला ते ओळखू येतं गं."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "उषाताई, तुम्हाला हल्ली सगळीकडे तेच दिसतं. पोरगी रात्री दोनपर्यंत फोनवर असते म्हणून पेंगते. माझ्या मुलीला तुमच्या त्या टेबलावर मांडू नका!"

त्या शांत होत्या. "बरं. रागाव माझ्यावर. पण गाडी देऊ नको."

मी सईला गाडीत बसवलं आणि उषाताईंना न घेता निघाले. जूनमधली दुपार, बाहेर भट्टी पेटलेली, अडीच मैलांचा रस्ता आणि रस्त्याला फूटपाथ नाही. आरशात मला त्या दिसल्या. हातात पहिलीच्या पोरांच्या वह्या घेऊन उभ्या. मी वळले नाही. आज हे लिहितानासुद्धा मला माझी लाज वाटते.

घरी आल्यावर मी ठरवलं, हे खोटं आहे हे आत्ताच्या आत्ता सिद्ध करायचं. सई सिंकपाशी उभी राहून बाऊलमधून सीरिअल खात होती. मी तिच्या बाबाची गोष्ट काढली. सुधीर नवीन नवीन अमेरिकेत आला तेव्हा ड्राइव्ह-थ्रूमध्ये, म्हणजे गाडीत बसूनच खाणं मागवतात तिथे, स्पीकर समजून कचऱ्याच्या डब्याशी बोलत होता. पाच मिनिटं! "नो ओनियन, प्लीज" म्हणत होता, वर "हॅलो? आर यू देअर?" म्हणून काच आणखी खाली करत होता. नक्कल करायला लागले की मी थांबत नाही. सई म्हणाली, "मॉम, स्टॉप." मी थांबले नाही. "मॉम, प्लीज!" मी आमच्या कचऱ्याच्या डब्यात वाकून "नो ओनियन" म्हटलं आणि सई फस्सकन हसली.

बाऊल खाली पडून फुटला. माझी मुलगी दुधात, काचांत, गुडघ्यांतून घडी पडल्यासारखी खाली गेली. अगदी तशीच. डोळे अर्धवट उघडे, जबडा लोंबलेला. मी किंचाळले. आणि किंचाळता किंचाळता मला आठवलं, हिला ऐकू येतंय. तोंडावर हात दाबला आणि तिच्या शेजारी काचांतच बसले. "सयू, मी आहे. मी इथेच आहे. तू काही नाटक करत नाहीयेस. मला माहितीये."

मिनिटभराने तिचे डोळे हलले. ती म्हणाली, "मॉम, मला वाटलं, आय ॲम गोइंग क्रेझी." मग रडत रडत म्हणाली, "तू फनी असतेस तेव्हाच होतं ते. म्हणून मी लिसनच करत नाही."

दोन वर्षं! दोन वर्षं माझी मुलगी मी विनोद करायला लागले की खोलीतून पळत होती, आणि मी मैत्रिणींना सांगत होते, शिष्ट झाली आहे कार्टी. एकदा फोनसुद्धा काढून घेतला होता मी तिचा. तोंडावर पाणी मारायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

सईला घेऊन मी तशीच उषाताईंच्या दारात गेले. त्यांनी दार उघडलं. उन्हाने चेहरा अजून लाल होता. मला बघून एवढंच विचारलं, "पडली?"

"हो."

"लागलं?"

"नाही."

"मग आधी दोघी पाणी प्या." सई त्यांच्या गळ्यात पडली. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "ते नंतर. आधी टेस्ट कॅन्सल कर." उभ्या उभ्या मी फोनवरून टेस्ट कॅन्सल केली.

सईचं निदान महिन्याभरात झालं. उषाताईंना लागली होती चाळीस वर्षं. त्या दोघींचं पुढे असं जमलं, की मीच परकी. सई इंग्रजीत बोलायची, त्या सांगलीच्या मराठीत. कुणी झोपलं तर दुसरीने वेळ लावून उठवायचं. औषध कसं घ्यायचं, शाळेत डुलकीची परवानगी कशी मागायची, या आजारात झोप लागताना भिंतीतून माणसं येताना दिसतात त्यांना काय म्हणायचं. उषाताई म्हणायच्या, "मी विचारते, चहा घेणार का? मग जातात." सई पोट धरून हसायची. अर्थात दोघी आधी भिंत धरून.

याच काळात एके दिवशी चहा पिता पिता उषाताईंनी मला एक कागद दाखवला. आपण मेल्यावर आपला मेंदू संशोधनासाठी द्यायचा, अशी सही करून त्या मोकळ्या झाल्या होत्या. माझा कप हातातच राहिला. "डोकं उघडणार? उषाताई, काहीतरीच काय!" त्या म्हणाल्या, "अगं, त्या पेशी का मेल्या हे जिवंत माणसाच्या डोक्यात शिरून बघता येत नाही. पण लवकर कळवावं लागतं, तासांचा हिशोब असतो. नंबर फ्रिजवर लावलाय. तू बोलकी आहेस, फोन तूच कर." मी विषय बदलला.

गेल्या मार्चमधला रविवार. मी नेहमीसारखी त्यांना न्यायला गेले, बेल वाजवली. उत्तर नाही. मी मनात म्हटलं, डुलकी लागली असेल. आता मी शहाणी झाले होते ना! झोपलेल्या माणसाला मध्येच उठवू नये, वीस मिनिटांनी तो आपला ताजा होऊन उठतो, हे त्यांनीच शिकवलं होतं. मी दाराबाहेर पायरीवर बसून राहिले. फोनवर मेसेज बघत बसले. वीस मिनिटांनी माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं. उषाताई शेगडीसमोर पडल्या होत्या, चहाचं आधण शेजारी सांडलेलं. मी जवळ बसून आधी काय म्हटलं असेल? "उषाताई, मी आहे. ऐकू येतंय ना?" हात हातात घेतला तेव्हा कळलं. डॉक्टर नंतर म्हणाले, हार्ट अटॅक होता, पहाटेच गेल्या, तुम्ही लगेच दार उघडलं असतं तरी फरक पडला नसता. डॉक्टरांना म्हणायला काय जातंय? ती वीस मिनिटं अजून माझ्या अंगावर येतात.

ॲम्ब्युलन्सची माणसं आली, त्यांचं काम झालं. मी फ्रिजवरचा नंबर लावला. मग सांगलीला त्यांच्या भावाला. तो आधी रडला, मग माझं पुढचं ऐकून ओरडलाच, "डोकं? अहो, तुम्ही कोण सांगणाऱ्या? इथे लोकांना काय सांगू मी?" मी म्हटलं, "दादा, त्यांची सही आहे. आणि त्यांना चाळीस वर्षं आळशी म्हणत होते सगळे. ते का, ते त्यांना शोधून हवंय." मग तो म्हणाला, "दहावीला बाबा तिच्या तोंडावर पाणी मारायचे. तांब्या मी आणून द्यायचो." नाक ओढल्याचा आवाज आला. "घेऊ देत त्यांना. काही सापडलं तर मला कळवा."

शोकसभा त्याच हॉलमध्ये झाली. फ्रिजवर नंबराखाली उषाताईंनी आणखी एक ओळ लिहून ठेवली होती, "दोन मिनिटं शांतता नको, सगळे पेंगाल. मंजूने शेलापागोटं वाचावं." मी त्या स्टेजवर उभी, हातात तोच जुना कागद, गजराच्या घड्याळाचा. समोर सगळे गंभीर. मी कागदाची घडी घालायला लागले. ज्या ओळींनी त्यांना सगळ्यांदेखत पाडलं, त्या मी पुन्हा कशा वाचू?

पहिल्या रांगेतून सई उठली. एकोणीस वर्षांची माझी मुलगी, एरवी माझ्याशी मराठीत चार वाक्यं न बोलणारी. ती सगळ्यांदेखत हॉलच्या कडेला गेली, डावा तळहात भिंतीवर टेकवला, गुडघे ताठ केले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "थांब आई. भिंत धरते. आता वाच."

हॉलमध्ये सगळे वळून तिच्याकडे बघायला लागले. तेवढ्यात माझ्या मागे हालचाल झाली. देशमुखकाकांनी पोडियमवरचे हात काढले होते. आमचे अध्यक्ष, पासष्टीचे, पंधरा वर्षं दर भाषणात पोडियम घट्ट धरून उभे राहणारे. ते एकेक पायरी उतरले, सईच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि आपला हात त्यांनी भिंतीवर ठेवला.

"उषाताईंनी माझं नाव कुणाला सांगितलं नाही," देशमुखकाका म्हणाले. "म्हणून आज मीच सांगतो. वाच, मंजिरी."